परत नेऊन दिलेली कुंडी

जे आजवर कोणालाच सांगितलं नाही, घरी बायकोलाही नाही, ते आधी लिहून टाकतो. नाहीतर पुढे हात आखडेल. हिंगणघाटचे घड्याळजी शंकरराव हिवरकर यांच्या घरातल्या झाडांना जी कीड लागली, ती माझ्यामुळे लागली. त्या किडीचा दोष ज्या माणसावर गेला त्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. हे मला ठाऊक होतं. शंकररावांना सांगायला माझ्याजवळ जवळजवळ दीड वर्ष होतं, आणि त्या दीड वर्षातल्या किती संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसून काढल्या. आता शंकरराव नाहीत.

बातमी कळली तेव्हा मी तळेगावला मुक्कामाला होतो. डासांच्या फवारणीवर मी सुपरवायझर आहे. दिवाळी होऊन गेली होती, फवारणीचा हंगाम संपला होता, आणि आम्ही चावडीच्या अंगणात पंप धुऊन, तेल देऊन ठेवत होतो. मोटारस्टँडवरचा ओळखीचा ड्रायव्हर पाणी प्यायला आला. लोटा खाली ठेवता ठेवता म्हणाला, "साहेब, तुमचे घड्याळजी गेले ना. परवा. छातीत दुखलं अन् बसल्या जागीच गेले म्हनते." मी म्हणालो, "हो का..." तो गेल्यावर मी पंपाचं नळकांडं पुन्हा धुवायला घेतलं. ते धुऊन झालेलं होतं. परवा, म्हणजे माती देऊनही झाली. आपल्या इतक्या जवळचा माणूस गेला, आणि आपण दोन दिवस जेवत होतो, हसत होतो, माणसांवर डाफरत होतो. त्याचं वाईट वाटलं हे खरं. पण त्याच क्षणी, आता सांगायची गरज उरली नाही, असंही एक हलकेपण आतून येऊन गेलं. ते लपवून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

शंकरराव माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. गावात त्यांचं घर लांबट, तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत घड्याळांचं दुकान, मागे स्वयंपाक, आणि मधली खोली झाडांची. आमच्याकडच्या उन्हाळ्यात अंगणात नाजूक झाड टिकत नाही म्हणून त्यांनी झाडं घरातच घेतली होती. छपराला दोन काचेची कौलं बसवली होती, खिडकीला वाळ्याची ताटी. तीस-पस्तीस कुंड्या असतील. रंगीत पानांचे क्रोटन, काळ्या देठांचा हंसराज, बिगोनिया आणि एका कोपऱ्यात भिंतीवर चढवलेली नागवेल. ती त्यांच्या बायकोने लावलेली. तिची पानं ते कधी खुडत नसत. स्वतःला विडा हवा असला की बाजारातून पानं आणायचे. एकदा मी हसलो, तर म्हणाले, "ते तिचे पानं हाय. मले कोनं देल्ले?" तेव्हापासून मी त्या वेलीबद्दल थट्टा केली नाही.

रोज संध्याकाळी मी तिथे जायचो. बोलणं फार नसे. ते डोळ्याला भिंग लावून घड्याळात वाकलेले, आणि भिंतीवरची दुरुस्तीला आलेली घड्याळं आपापली वेळ दाखवत असलेली. दुकान बंद केलं की तेच भिंग घेऊन ते मधल्या खोलीत जात आणि पानं उलटी करून बघत. "रोग वरून नाई दिसत, गजानन. पानाखाली राह्यते," हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं. नव्या झाडाबद्दल त्यांचा एक कायदा होता. कुंडी कोणाचीही असो, ती आधी महिनाभर बाहेरच्या ओट्यावर राहील. त्या महिन्यात कीड दिसली नाही तरच आत. मी वर्ध्याच्या एका बंगल्यातून हौसेने बिगोनिया मिळवून आणला होता, तर तोही महिनाभर ओट्यावर ताटकळला. त्याची दोन पानं उन्हाने करपली. "तुह्या घरचा असला म्हनून काय झालं? कायदा तो कायदा," शंकरराव म्हणाले. मीही हसलो. पण ते मनात राहिलं.

मग तुळशीराम मेश्राम आला. प्राथमिक शाळेत शिक्षक, तिशीचा, अंगाने काटकुळा, बोलायला धिमा. शाळेचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन तो दुकानात आला होता. घड्याळ चालू झालं तरी तो यायचा थांबला नाही. शंकरराव त्याला "गुरुजी" म्हणत आणि तो त्यांना "काकाजी". माझ्या दहा वर्षांत झाली नाही इतकी झाडांची माहिती त्याला दोन वर्षांत झाली. त्याची नजरच तशी होती. त्याने पान नुसतं हातात घेतलं तरी शंकरराव काम टाकून उठत. "काय दिसून राह्यलं, गुरुजी?" ... मला त्यांनी कधी असं विचारलं नव्हतं. मी मग उगाच एखादं चालू घड्याळ कानाला लावून बसे. मेश्राम मला अदबीने "साहेब" म्हणे, आणि त्यातही मला टोमणा ऐकू येई. तो नसायचा, हे आता कळतं.

छप्पनच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. चार दिवसांनी पांढराशुभ्र सदरा घालून दारात उभा. हातात क्रोटनची कुंडी. शंकररावांनीच पूर्वी दिलेली फांदी त्याने दोन वर्षं वाढवली होती, आणि पानं अशी की शंकररावांच्या मूळ झाडाने लाजावं. त्याने कुंडी आणली आणि स्वतःच ओट्याच्या कडेला ठेवली.

"तिथं काऊन ठेवली?" शंकररावांनी विचारलं.

"महिनाभर ओटा ना, काकाजी. तुमचाच कायदा हाय."

"कायदा गेला चुलीत. उचला, अन् आत आना."

मेश्राम क्षणभर घुटमळला. मग त्याने कुंडी उचलली, उंबरा ओलांडून आत नेली आणि नागवेलीच्या शेजारी ठेवली. तो गेल्यावर मी म्हणालो, "माझा बिगोनिया बरा महिनाभर बाहेर बसला." शंकररावांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "गजानन, तुले कोनी ओट्यावर बसवलं का आजपावेतो? त्याले तं जनम झाल्यापासून लोकायनं ओट्यावरच ठेवलं. ओट्यावर तरी कुठं, ओट्याखाली. आज तो माह्यासाठी झाड घेऊन आला, तं मी त्याले म्हनू, बाहेर ठेव?" त्यांचं बरोबरच होतं. तरी घरी जाताना मला माझ्या बिगोनियाची करपलेली पानंच आठवत होती.

त्या फाल्गुनात शंकरराव पुतणीच्या लग्नाला आठ दिवस अमरावतीला गेले. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे दिली. मेश्राम त्या वेळी परीक्षांच्या कामात होता, नाहीतर किल्ली कोणाला मिळाली असती हे मी अजूनही मनात घोकतो. दुसऱ्या दिवशी पाणी घालताना त्यांचं भिंग लावून मी पानं उलटी केली, आणि मला बारीक काळे किडे दिसले. मोहरीच्या दाण्याहून लहान, पाठीला चकाकी. इकडून तिकडे चालत होते. सगळ्यात जास्त मेश्रामच्या क्रोटनवर. लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. आणा म्हणावं अजून थेट घरात!

एक पंप तेव्हा दुरुस्तीसाठी माझ्या घरी पडून होता आणि डब्यात डीडीटीची उरलेली पूड होती. सरकारी औषध असं खाजगीत वापरायची सक्त मनाई. मी ती पाण्यात कालवली आणि त्या खोलीतल्या एकूण एक झाडावर मारली, पानांच्या वरून, खालून, देठांत. रिठ्याचं पाणी आणि ओली फडकी यांच्यावर विसंबणाऱ्या माणसाला एकदा आमच्या औषधाची ताकद दाखवू, असंही मनात होतं. किडे पटापट खाली पडले. पानांवर पांढरा थर वाळला, तो मी शंकरराव यायच्या आदल्या दिवशी पुसून काढला. महिन्याभराने, झाडं अधिकच तजेलदार दिसू लागली की मग हसत हसत सांगू असं ठरवलं होतं.

सांगायची वेळ आली नाही. ऊन तापू लागलं तशी मेश्रामच्या क्रोटनची पानं फिकी पडली, कोणी सुईने टोचावेत तसे बारीक पिवळे ठिपके. मग देठांच्या बगलेत जाळी दिसली, इतकी बारीक की उजेडात तिरपी धरली तरच दिसावी. शंकररावांनी पांढऱ्या कागदावर पान झटकलं. कागदावर लाल धुळीसारखे कण पडले, आणि ते चालू लागले. "लाल कोळी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पंधरा दिवसांत तो सगळ्या खोलीत पसरला. बिगोनिया गेला, नागवेलीची पानं तांबूस होऊन गळू लागली. त्या दिवसांत मी त्यांना जेवताना क्वचितच पाहिलं.

मे महिन्याच्या एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मेश्रामची कुंडी त्यांनी धुऊन, ओल्या फडक्यात बांधून ओट्यावर आणून ठेवली होती.

"कायदा मोडला मी, गजानन. चूक माही. पन हे झाड आत राह्यलं तं बाकीचे वाचत नाई. तू नेऊन दे त्याले. मले त्याच्यासमोर उभं राहवत नाई. म्हनजो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानाखालून धूत राह्य, अंडे फुटते तसे धूत राह्य, बरं होईन. अन् म्हनजो... राग नोको धरू. झाड बरं झालं का मीच येतो घ्याले, म्हनजो."

हा पूर्ण निरोप. मी कुंडी घेऊन मेश्रामच्या मोहल्ल्यात गेलो. तो दारात बसून वह्या तपासत होता. मी म्हणालो, "शंकररावांनी परत पाठवली. कीड आहे." एवढंच म्हणालो. पुढचं तोंडातून आलं नाही. विसरलो नव्हतो. मेश्रामने फडकं सोडलं, पान उलटून पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "दसऱ्याले आत नेली होती ना, साहेब, काकाजीनं... मले तवाच वाटलं होतं, एवढं चांगलं कसं काय." मी "येतो" म्हणून निघालो. परतल्यावर शंकररावांनी विचारलं, "काय म्हने गुरुजी?" मी म्हणालो, "काही नाही."

मेश्राम त्यानंतर त्या घरी आला नाही.

इथपर्यंत माझं अज्ञान होतं असं एखादा वकील म्हणेल. जूनमध्ये तेही उरलं नाही. एका मुक्कामात शेतकीचे एक गृहस्थ भेटले. गप्पांत म्हणाले, "तुमचं औषध डासाले ठीक हाय हो. आम्ही कपाशीवर मारून पाह्यलं, तं लाल कोळी उलट वाढला. तो किडा थोडीच हाय? आठ पायाचा जीव, त्याले हे औषध काहीच करत नाई. त्याले खानारे बारके काळे किडे राह्यते, ते मात्र साफ मरते. मंग कोळ्याले रानच मोकळं." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मेश्रामच्या झाडाबरोबर त्या घरात आले होते ते राखणदार होते. त्यांना मी मारलं होतं.

त्याच पावसाळ्यात फवारणीला माझी टोळी मेश्रामच्या मोहल्ल्यात गेली. त्याच्या घरात, दाराच्या आतल्या बाजूला तीच कुंडी होती, नवी लाल पानं फुटलेली. मला पाहून तो उठला. "पानं धुऊन धुऊन आनली तिले ताळ्यावर, साहेब. काकाजीनं शिकवल्यावानी." मग पंपाकडे पाहून म्हणाला, "तुमच्या औषधानं काही होईन का तिले? बाहेर काढू का?" मी म्हणालो, "बाहेर काढा." त्याने आपल्याच घरातून ती कुंडी उचलली आणि रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. तिच्याजवळ उभा राहून त्याने विचारलं, "काकाजी कसे हाय?" मी म्हणालो, "बरे आहेत." त्याच संध्याकाळी शंकररावांनी विचारलं, "गुरुजी दिसला का कुठं?" मी म्हणालो, "नाही दिसला."

असं वर्षभर चाललं. दोन माणसं एकमेकांबद्दल मलाच विचारत होती आणि मधे मी उभा होतो. शंकररावांना वाटे, मेश्राम निरोप मिळूनही रुसला. मेश्रामला वाटे, ओट्यावरच्या माणसाला ओट्यावरच परत पाठवलं. आणि मी? माझ्या संध्याकाळी मला परत मिळाल्या होत्या. शंकररावांबरोबर मीच कुंड्या आडव्या धरायचो, मातीवर फडकं बांधून. ते रिठ्याचा फेस करून एकेक पान खालून चोळायचे, चौथ्या दिवशी पुन्हा, पुन्हा चौथ्या दिवशी. अंडी धुतल्याने मरत नाहीत, म्हणून फुटणाऱ्या प्रत्येक पिढीला गाठायचं. ताटीवर दिवसातून सहादा पाणी मारायचं, कारण कोळ्याला कोरडी हवा लागते. अर्ध्याहून अधिक कुंड्या त्यांनी अशा वाचवल्या, नागवेलसुद्धा. त्या कामात ते बोलत नसत. एकदाच म्हणाले, "गुरुजी असता तं लवकर झालं असतं. त्याचे बोटं पातळ हाय." माझी बोटं जाड आहेत, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या उन्हाळ्यात मेश्रामची बदली अल्लीपूरला झाली. मोटारीने जाऊन तासाभरात परत येता येईल इतकं जवळ. तो जाताना शंकररावांना भेटायला आला नाही. शंकरराव त्या दिवशी दुकान उघडून संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

शेवटची भेट दिवाळीच्या पाडव्याची. मी फराळाचा डबा घेऊन गेलो होतो. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि मला मधल्या खोलीत ओढत नेलं. डोळ्याचं भिंग काढून माझ्या हातात दिलं, एक पान उलटं धरलं. "पाह्य." पानाखाली बारीक काळा किडा चालत होता, पाठीला चकाकी असलेला. "हा कोळ्याले खाते, गजानन. काल दुपारभर पाह्यलं मी. एकामागं एक खाऊन राह्यला बेटा. पह्यले हे इथं होते. गुरुजीच्या झाडावर पाह्यल्याचं मले आठवते. मंग गेलते कुठं?"

भिंग माझ्या डोळ्याला होतं. त्या भिंगातून माणूस दिसत नाही, फक्त पान दिसतं, हे किती बरं होतं. मी म्हणालो, "उन्हानं गेले असतील."

त्यांनी पान हळूच सोडून दिलं. मग म्हणाले, "असन." आणि जरा वेळाने, "झाड गुरुजीचं नव्हतं बाधलं मंग. मी एकदा जातो अल्लीपूरले. येशीन का संगं?" मी म्हणालो, "येईन की. हा तळेगावचा मुक्काम होऊ द्या." मुक्काम व्हायच्या आत ते गेले.

पानांवरचा पांढरा थर मी पुसला होता, पण देठांच्या फटीतला पुसला होता का? रोज भिंगाने पाहणाऱ्या माणसाला तो दिसला नसेल का? "येशीन का संगं" हे त्यांनी मला बोलायला दिलेली जागा होती का? ... विचार करतो आणि कुठेच पोचत नाही. दिसलं असेल तर त्यांनी मला वाचवलं, आणि दिसलं नसेल तर मी त्यांना फसवलं. दोन्हीत माझी बाजू तीच राहते.

आता ते घर बंद आहे. अमरावतीची पुतणी येऊन सामानाचं बघेपर्यंत किल्ली माझ्याकडे आहे. मुक्कामावरून आलो की मी जातो, पानं उलटी करून धुतो. घड्याळं कोणी चावी न दिल्याने बंद पडली आहेत, त्यामुळे खोली फार शांत असते. चौथा दिवस कधी येतो हे मला बोटांवर मोजावं लागतं. ते असताना मोजावं लागत नसे.

शंकरराव गेल्याचं मेश्रामला कोणी कळवलं नाही. ते माझं काम होतं. लिहिणं सोपं आहे, छापायला देणंही सोपं आहे. हा अंक अल्लीपूरला पोचेल आणि शाळेत कोणीतरी त्याच्या हातात देईल, असा एक पळपुटा विचारही लिहिताना मनात आहे. पण तो न्याय नाही. तुळशीराम मेश्रामच्या दारात उभं राहून त्याला काकाजी गेल्याचं सांगणं, त्यांचा निरोप पूर्ण सांगणं, आणि कीड त्याच्या कुंडीतून आली नव्हती, मी आणली, हे माझ्या तोंडाने सांगणं, हे मी त्याला देणं लागतो. आज पाच आठवडे झाले. मी अजून गेलेलो नाही.